बिनपायऱ्यांचं राज्य

ज्याच्या कल्पनेतल्या राज्याने दोन पिढ्यांना वेड लावलं, त्या लेखकाची चित्रं आज पहिल्यांदाच प्रदर्शनाच्या भिंतींवर चढत होती. गगनाला भिडणारे मनोरे, किल्ले, राक्षसांच्या गुहा. पायरी मात्र औषधालाही नव्हती.

"एवढे मोठे लेखक, आणि जिने काढायलाच विसरले?" चित्रं लावणाऱ्याने लेखकाच्या मुलीला विचारलं.

"विसरले नाहीत. आमचा दादा चाकांच्या खुर्चीत असायचा. प्रत्येक चित्र आधी त्याच्यापुढे जायचं. 'खुर्ची इथे अडेल,' असं तो म्हणाला, की बाबा तिथे उतार काढून द्यायचे."

त्याने खोक्यातलं शेवटचं चित्र बाहेर काढलं. त्यात डोंगरमाथ्यापर्यंत नुसत्या पायऱ्याच होत्या, लहान मुलाच्या पावलाला झेपतील एवढ्या बुटक्या.

"आणि हे?"

तिने रुमालाने काच पुसली.

"हे दादा गेला त्या आठवड्यातलं."