शेजारची गोळी

डोकं दुखत नव्हतं, तरी इंदुमती परुळेकरांनी कपाळाला हात लावून शेजारचं दार वाजवलं.

"डोकं ठणकतंय गं. एखादी गोळी आहे का?"

केतकी गोंधळली. गोळी ही काय शेजारी मागायची वस्तू आहे? ज्याची त्याची गोळी ज्याच्या त्याच्या जनुकांशी जुळवून घरच्याच यंत्रात बनते.

"काकू, माझी गोळी बाधेल तुम्हाला! थांबा हं." तिने मनगटावर बोट टेकवलं. "सांगितलंय तुमच्या यंत्राला. घरी पोचेपर्यंत तयार."

आणि हसून तिने दार लोटलं. इतकी गुणाची पोर, की रागही धड येईना. पूर्वी गोळी मागायला गेलं की बायका म्हणायच्या, "आधी आत या. रिकाम्या पोटी घेऊ नका." मग चहा व्हायचा, गप्पा रंगायच्या आणि गोळी राहूनच जायची.

घरी यंत्राच्या वाटीत गोळी पडली होती, अजून कोमट. वर बारीक अक्षरं होती : फक्त इंदुमती परुळेकर यांच्यासाठी. साऱ्या जगात दुसऱ्या कुणाच्याच कामाची नसलेली गोळी!

ती तळहातावर घेऊन त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाल्या, "आधी आत या. रिकाम्या पोटी घेऊ नका."