अडलेलं वचन

कापणीच्या सणाला घरचं दान आणायचं, चर्चमध्ये पुढच्या टेबलावर ठेवायचं आणि बायबलमधलं एक वचन तोंडपाठ म्हणायचं, ही आमच्या खेड्याची रीत. वेतुरियानं भोपळ्यांशेजारी आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी ठेवली आणि खणखणीत सुरुवात केली, "तू आपलं दान वेदीजवळ आणलंस आणि तिथं तुला आठवलं, की आपल्या भावाच्या मनात..."

आणि अडली.

"तुझ्याविरुद्ध काही आहे," पाळकांनी हळूच सुचवलं. मग पहिल्या बाकानं, मग सगळ्या चर्चनं. वेतुरिया बरणीकडे बघत राहिली आणि एकाएकी दार उघडून चालती झाली.

"झालं! महिनाभर पाठ करून माझं डोकं खाल्लं, आणि ऐन वेळी विसरली," तिचा नवरा त्रायान पुटपुटला.

आमचं तिसरं गाणं चालू असताना ती परतली, ती धाकट्या जावेला, औरिकाला, ओढतच. सासूच्या तांब्याच्या कढईवरून दोघींचं वाजलं होतं. कढई वेतुरियानं ठेवून घेतली, तेव्हापासून औरिकानं चर्चची पायरी चढली नव्हती.

"अहो जाऊबाई, हात तरी धुऊ द्या, पिठानं भरलेत!"

"असू देत. आज सण कापणीचाच आहे."

वेतुरिया टेबलाशी उभी राहिली. "पाळकसाहेब, मी विसरले नव्हते. 'आधी जा, समेट कर,' एवढं मधलं हिच्या दारात कढई ठेवून म्हटलं. आता शेवटचं ऐका: मग ये, आणि आपलं दान अर्पण कर!"