पागोळ्या

“आता भिंतीलगत थेंबही पडणार नाही!” फ्रान्समधल्या त्या खेड्यातल्या चर्चच्या छपरावरून गोतिए गवंडी ओरडला. आभाळ भरून आलं होतं. पण पाणी लांब फेकणारी त्याची सिंहमुखी दगडी पन्हाळ वेळेत बसली होती.

खाली त्याची बायको भाकरी घेऊन आली होती. “म्हणजे पागोळ्या बंद?”

“मग? पाया खचतोय ना!”

ती भिंतीशी खाली बसली. बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या बाळांना दफनभूमीत जागा नसे. आया त्यांना गुपचूप या भिंतीशी पुरत. देवाच्या छपरावरच्या पागोळ्या अंगावर पडल्या की झाला बाप्तिस्मा, सुटलं लेकरू.

“आपली पोर इथंच आहे,” ती माती चाचपत म्हणाली. “पुरल्यापासून पाऊसच झाला नाही हो.”

ढग गडगडले. गोतिएनं सिंहाच्या जबड्यावर घाव घातला.