एकसष्टावं मत

“एका मतानं काय फरक पडतो, मधू?” सुरेश पोतनीस इंग्रजीत म्हणाला. तिचा पासपोर्ट त्यानं परत कपाटात टाकला आणि किल्ली खिशात.

मधूचं खरं नाव लुझविमिंडा. ते पोतनिसांच्या तोंडात मावेना, म्हणून अबुधाबीत त्यांच्याकडे घरकामाला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिची मधू झाली. त्याला सात वर्षं झाली. फिलिपिन्समधल्या तिच्या शहरात चौदा मेला निवडणूक होती आणि तिचे वडील नगरसेवकपदाला उभे होते. तिथल्या महापौराला मासळीबाजार पाडून मॉल बांधायचा होता. त्या बाजारात तिच्या आईचा तीस वर्षांचा ओटा होता. कौन्सिलात बाजारवाले आणि मॉलवाले निम्मे निम्मे. एक जागा तिकडे सरकली की ओटा गेला. मत द्यायचं तर तिथं जाऊनच द्यावं लागणार होतं. तिकिटाचे बाराशे दिरहॅम, म्हणजे पंधरा हजार रुपये, तिनं स्वतः साठवले होते. मागत होती ती फक्त एक महिन्याची रजा आणि स्वतःचा पासपोर्ट.

“सर, प्लीज. पापा सेज एव्हरी व्होट...”

“तुमच्याकडे मेलेली माणसंसुद्धा मत देतात म्हणे! ती देतील तुझ्या पापाला. तू जूनमध्ये जा. इन्शाल्ला. खलास!”

ती इस्त्रीकडे वळली. सुरेशनं फोन उचलला आणि तिच्यासमोरच मित्राशी मराठीत बोलू लागला. मराठी तिला कुठली कळायला! चोरून बोलायची गरजच नव्हती.

“अरे, निनादकडे साठ मतं पक्की. माझीही साठ. मधू धरली तर एकसष्ट. तिला मे महिन्यात सोडू? वेड लागलंय का मला?”

सुरेश निनाद कारखानीसविरुद्ध मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभा होता. मतदान मेच्या शेवटच्या शुक्रवारी. या पदाला मिळतं काय? गणपतीत पाहुण्यांशेजारी खुर्ची आणि स्मरणिकेत पहिल्या पानावर फोटो. एवढ्यासाठी शिकलेसवरलेले लोक महिनाभर एकमेकांच्या फोनला उत्तर देत नव्हते. सभासदाच्या घरी राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान नातेवाइकाला मत, असा मंडळाचा नियम. म्हणून मधू आता सुरेशच्या बायकोची, सुचित्राची, मामेबहीण झाली.

“अहो, पण कुणी ओळखलं तर?” सुचित्रानं विचारलं.

“निनादनं त्याच्या ड्रायव्हरचा, हारुनचा, हरिभाऊ केलाय. कोण कुणाला ओळखणार?”

मधूला एकच वाक्य पाठ करायचं होतं: “मी मधू, सुचित्राची मामेबहीण.” सुरेश रोज जेवताना ते म्हणवून घ्यायचा. ती ‘मामेबहीण’पाशी हटकून अडखळायची. पोतनिसांची मुलगी मिहिका खिदळायची, “डॅड, शी साउंड्स सो फनी!” मधूही हसायची.

इकडे सुरेश घरोघर फिरत होता. “तुमचं एकेक मत अमूल्य आहे,” असं छापलेली पत्रकं त्यानं वाटली. रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यातले आठ सभासद आणायला व्हॅन ठरवली. मतासाठी माणसांना अडीच तासांचा प्रवास करायला लावताना त्याची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

मतदानाच्या आदल्या सकाळी मधूला घरून फोन आला. तिनं ऐकलं, ठेवला आणि कांदे चिरायला बसली. काय झालं, असं कुणी विचारलं नाही. सुरेश तेवढं म्हणाला, “यल्ला, चल मधू, ते वाक्य म्हण बघू.”

तिनं म्हटलं. अडखळत.

शुक्रवारी सुचित्रानं तिला जांभळी पैठणी नेसवली, टिकली लावली. मतदानाच्या टेबलाशी बसलेल्या अनिलकाकांनी तिचं वाक्य ऐकलं, तिच्याकडे पाहिलं, मग यादीत खूण केली. त्यांनी तासाभरापूर्वी हरिभाऊंचंही मत घेतलं होतं.

संध्याकाळी मोजणी झाली. अनिलकाकांनी चष्मा पुसून आकडे वाचले. “सुरेश पोतनीस, साठ. निनाद कारखानीस, साठ. आणि एक चिठ्ठी कोरी.”

“कोरी?” सुरेश ओरडला. “कोण गाढव आहे ते? एका मतासाठी... एका मतासाठी अडवलंत मला!”

हॉलमध्ये गलका झाला. कुणी फेरमतदान मागितलं, कुणी घटना. घटनेत बरोबरीचा विचारच केलेला नव्हता. निनाद रास अल खैमाच्या आठ जणांकडे बोट दाखवत होता, सुरेश हरिभाऊंकडे. अनिलकाका टेबल बडवून थकले. “अहो, पण आता करायचं काय?”

मागच्या रांगेतून सुचित्राची मामेबहीण उठली. पैठणीच्या निऱ्या सावरत टेबलापाशी आली.

“अनिलकाका, आमच्याकडे बरोबरी झाली की नाणं उडवतात,” ती म्हणाली.

मराठीत. कुठंही न अडखळता, पोतनिसांच्या घरात बोलतात तशाच मराठीत.

“फेरमोजणी होऊन परवाच उडवलं. माझ्या वडिलांना अकरा हजार दोनशे चार मतं पडली. समोरच्यालाही तेवढीच. नाणं त्याच्या बाजूनं पडलं.”

तिनं मूठ उघडली. तळहातावर एक दिरहॅम होता, एका अंगाला अरबी किटली आणि दुसऱ्या अंगाला आकडा असलेला.

“बोला सर,” ती म्हणाली, “किटली की आकडा?”