डायनॅमोची चकती

श्यामकांत दिघ्यांनी फाटलेली चामड्याची चकती खंडू मेकॅनिकच्या बाकड्यावर टाकली. इंजिनाचा दांडा आणि डायनॅमो यांना जोडणारी, तळहाताएवढी. तिच्या चिंध्या झाल्या होत्या.

"गणपतीच्या आधी बसवलीस ही. दिवाळीसुद्धा बघितली नाही तिनं. पन्नास वर्षांची गाडी, आणि तू तिला चपलेचा तुकडा लावतोस?"

"चकती तुटायलाच असते, साहेब. डायनॅमो अडकला की ती तुटते, म्हणून दांडा वाचतो. डायनॅमो का अडकला ते बघू."

"मला शिकवू नकोस."

दिघ्यांनी जयंतीभाईंना मुद्दाम बरोबर आणलं होतं. मुलुंड-घाटकोपरात जुन्या गाड्या बाळगणारे सात-आठ जण होते. जयंतीभाई ज्या गॅरेजात जात, तिथेच ते सगळे जात. जयंतीभाईंची स्वतःची गाडी याच गाळ्यात इंजिन उतरवून उभी होती. ती आजच टेम्पोला बांधून न्यायची का, हे ठरायचं होतं.

"यांच्यात यंत्राची पूजा नसते ना," दिघे जयंतीभाईंना म्हणाले, खंडू तिथे नसल्यासारखे. "पाना काय नि फावडं काय, सारखंच. हातात कला येणार कुठून?"

जयंतीभाई सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत राहिले.

पांढऱ्या सफारीतली अशी माणसं खंडूने सत्तावीस वर्षं बघितली होती. कशाला हात लावायचा नाही, कुठे टेकायचं नाही, आणि बोलायचं मात्र सगळ्यावर. त्याने गाडीतला डायनॅमो उतरवून व्हाइसच्या जबड्यात पकडला, आस फिरवून बघितला. हलेना. मग बेअरिंगवर तेल सोडायची छोटी पितळी वाटी असते, तिचं झाकण उघडलं.

आत तेल नव्हतं. हळदीकुंकवाचा वाळलेला लगदा होता आणि त्यात तांदळाचे दाणे घट्ट रुतले होते. खाली बेअरिंग कोरडी पडून जळून निळी झाली होती.

खंडूने सुईने एकेक दाणा उकरला, तळहातावर घेतला आणि हात जयंतीभाईंपुढे धरला.

"दसऱ्याची पूजा कोणी केली?"

"मीच," दिघे म्हणाले. "गुरुजींनीच सांगितलं होतं, प्रत्येक यंत्राच्या मुखात अक्षता."

"अरे दिघे," जयंतीभाईंनी चष्मा चढवला, "देवाला तांदूळ, मशीनला तेल. एवढं तर आमच्या ड्रायव्हरला पण कळते." मग खंडूकडे वळून, "माझं इंजिन कधी चढवतो?"

"गुरुवारी."

"चढव."

दिघ्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते खंडूच्या तळहाताकडे बघत होते.

"त्या खाली टाकू नकोस. पूजेच्या अक्षता आहेत, पायदळी येतील."

त्यांनी खिशातून घडीचा रुमाल काढला आणि पसरून पुढे केला. बोटाला बोट लागणार नाही, इतपतच पुढे.

खंडू जवळ सरकला नाही. होता तिथूनच त्याने तळहात पालथा केला. दोन दाणे रुमालात पडले. बाकीचे त्याच्या चपलांपाशी, काळ्या ऑइलमध्ये.

दिघ्यांनी एकदा जयंतीभाईंकडे बघितलं. मग पँट गुडघ्यांवर ओढून घेत ते खाली बसले आणि एकेक दाणा वेचू लागले.

खंडूने पाय मागे घेतले नाहीत.