पडद्यावरचा बाप

पडद्यावर बिबट्या यायला अजून अवकाश होता, तरी विद्याधर सारखा दाराकडे बघत होता. शेजारी त्याची मुलगी कल्पिता निवांत पॉपकॉर्न खात होती. अंधेरीतल्या त्या छोट्या थिएटरात आज त्याच्याच कादंबरीवरच्या सिनेमाचा खास खेळ होता, आणि लेखकमहाशयांना कधी एकदा बाहेर पडतो असं झालं होतं.

कादंबरी जंगलात वाट चुकलेल्या कुटुंबाची. तिच्यात बिबट्या दिसताच बाप कडेवरच्या लेकीला खाली ठेवतो आणि पळत सुटतो. वाचकांनी त्या प्रसंगाचं फार कौतुक केलं. तो कल्पनेतून आलेला नव्हता, हे एकट्या विद्याधरला ठाऊक होतं. बोरिवलीच्या जंगलात चार वर्षांची कल्पिता वनरक्षकांना सापडली, तेव्हा त्यानं घरी सांगितलं होतं की हात सुटला आणि पोर चुकली.

लिहिताना तो बेफिकीर होता. पोरगी इंग्रजी शाळेतली. मराठी घडाघडा बोलायची, पण मराठी पुस्तक उघडलं की दुसऱ्या ओळीला जांभई द्यायची. बापाचं एकही पुस्तक तिनं वाचलं नव्हतं, आणि त्याबद्दल तो वरवर कुरकुरायचाही. सिनेमा मात्र वाचावा लागत नाही.

बिबट्या आला. संगणकावर बनवलेला, मांजरासारखा गुबगुबीत. मागे कुणीतरी हसलं. विद्याधरनं डोळे घट्ट मिटले. त्याला भीती वाटत होती, त्या दिवशी वाटली होती तशीच.

डोळे उघडले तर पडद्यावरचा बाप लेकीला छातीशी धरून, जळतं लाकूड फिरवत बिबट्यावर धावून जात होता. वर गाणंही सुरू झालं. कौटुंबिक सिनेमात बाप पळून कसा चालेल? निर्मात्यानं कादंबरीची पार वाट लावली होती. विद्याधरला त्याचे पाय धरावेसे वाटले.

बाहेर लोक नाकं मुरडत होते. विद्याधरनंच हसतहसत त्यांची समजूत काढली. रिक्षात बसल्यावर त्यानं मोकळ्या मनानं विचारलं, "मग? कसा वाटला?"

"फुसका," कल्पिता म्हणाली. "काहीही दाखवलंय."

"पुस्तक बरं आहे गं. तू वाचत नाहीस, त्याला मी काय करणार?"

कल्पिता रस्त्याकडे बघत हळूच म्हणाली, "बाबा, मी तुझी कॉलर सोडत नव्हते. तू माझं एकेक बोट सोडवलंस. ते आहे का पुस्तकात?"