डाव्या हाताच्या दोन बाह्या

दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या.

वर्षालीने त्या पलंगावर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. एक उलटी करून पाहिली. पण खणाची मागची बाजू फिकट, दोरे सुटलेली. ती वर घेऊन कोण ब्लाउज शिवणार? पहिली बाही आखून झाल्यावर मापाचा कागद उचलला आणि न पालटता तसाच शेजारी ठेवला, बस्स, एवढंच झालेलं. नवशिक्या पोरींकडून होतं असं. पण ते सरावाच्या मांजरपाटावर होतं.

हा खण मोठ्या बहिणीच्या, दिपिकाच्या, होणाऱ्या सासूच्या लग्नातला. चेंदणीच्या त्या बाईने तो इतकी वर्षं पेटीत जपला आणि साखरपुड्याला सुनेच्या ओटीत घातला. "हळदीला हाच घालायचा हां," असंही बजावून सांगितलं. हळद परवावर आलेली.

"वर्षू, झाल्या का गं बाह्या?" बाहेरच्या खोलीतून दिपिकाने विचारलं. तिच्या कानाला सासूचा फोन होता.

"होतायत, ताई."

"मम्मी विचारतायत. तुझ्या कालच्या फोटोला त्यांनी पण बदाम दिलाय. बघितलास?"

बघितला होता. त्या बदामांनीच तर घात केला.

वर्षालीच्या शिवणक्लासात बाई शिकवत नाहीत. म्हणजे येतात, खुर्चीत बसतात, पण शिकवत नाहीत. "किती दिवस माझ्या तोंडाकडे बघत बसणार? एकमेकींकडून शिका," असं म्हणून त्यांनी प्रत्येकीला नेटवर स्वतःचं पान काढायला लावलं. आखणी झाली की फोटो पानावर टाकायचा, बाकीच्यांनी तो नीट बघून चुका काढायच्या, मगच कापडाला कात्री लावायची. पद्धत खरंच चांगली. पण पोरींनी महिन्याभरात तिची पार वाट लावली. तू माझ्या फोटोला बदाम दे, मी तुझ्या फोटोला देते. सान्वीने परकराची आखणी टाकली तेव्हा वर्षालीनेही रिक्षात बसल्या बसल्या, फोटो मोठा करून न बघताच "कडक!" असं लिहून टाकलेलं.

बघायची ती एकटी अंतरा. मोहन्याहून येणारी ही मुलगी फोटो ताणून ताणून बघायची आणि जे दिसेल ते फटकन लिहायची. गळा तिरका गेलाय. कडेला माया सोडलीच नाहीस, शिवणार कुठून? तिचं खोटं कधी निघालं नाही, आणि म्हणूनच ती कोणाला आवडायची नाही. "हिला मेलीला चांगलं काही दिसतच नाही," असं सगळ्याजणी म्हणायच्या. वर्षालीसुद्धा.

काल खणाची आखणी पानावर टाकली तेव्हा दिपिकाने कौतुकाने त्याची लिंक सासरी पाठवली. सासू, नणंद, जावा, सगळ्यांचे बदाम आले. आणि त्यांच्या खाली अंतरा. "काय आखलंयस हे! थांब, कापू नकोस. आधी बाह्या बघ..."

पुढचं वर्षालीने वाचलंच नाही. सासरची माणसं बघतायत आणि ही बया मध्येच! तिने ती ओळ झटकन पुसली आणि अंतराला वेगळा मेसेज केला: "प्लीज, घरचं कार्य आहे. चांगलं बोलता येत नसेल तर बोलू नकोस."

"ओके," एवढंच उत्तर आलं.

आता खणाचा हातभर तुकडा उरला होता. त्यात उजवी बाही बसेल का, जोड द्यावाच लागला तर कुठे दिला म्हणजे दिसणार नाही, वर्षालीला काही म्हणता काही सुचेना. तिने बाईंना फोन लावला.

"अगं, मुलींना विचार ना," बाई म्हणाल्या. "त्यासाठीच तर हे सगळं केलंय."

पानावर टाकायची सोय नव्हती, तिथे सासर बसलेलं. वर्गातल्या मुलींपुरता एक फोरम होता. वर्षालीने तिथे फोटो टाकला. दोन बाह्या, बाजूला उरलेला तुकडा. खाली लिहिलं, "दोन्ही डाव्या झाल्या. उरलेल्यात उजवी बसेल का? ताईच्या सासूबाईंचा खण आहे, दुसरा मिळणार नाही. सांगा ना कोणीतरी."

लगेच सान्वीचा बदाम आला. "वॉव, काय रंग आहे!" मग आणखी कुणाचा तरी. मग "काठ कसला भारी गं." मग नुसतेच बदाम, एकामागून एक.

"वाचा की गं बायांनो, वाचा!" वर्षाली फोनलाच म्हणाली. तिला रडू आवरेना. ओढणीने डोळे पुसायचे आणि पुन्हा स्क्रीन बघायची. तिला एकीचंच उत्तर हवं होतं. ती वाचणार, फोटो ताणून बघणार, शिव्या घालणार आणि काहीतरी सांगणार. घालू दे शिव्या. कसल्याही घालू दे.

फोन वाजला. अंतराने बघितलं होतं. तिच्या नावापुढे एक लाल बदाम होता. खाली शब्द नव्हता.

वर्षालीने थोडी वाट पाहिली. आणखी काही आलं नाही.

दिपिका दारात येऊन उभी राहिली. फोनवर हात धरून हळूच म्हणाली, "मम्मी विचारतायत, मैत्रिणी काय म्हणाल्या गं?"

वर्षालीने बाह्यांवर ओढणी टाकली.

"छान म्हणतायत," ती म्हणाली.